वाकळीचा उघडा कोपरा

‘सगळी?’

‘सगळी.’

बसाण्णानं चष्मा कपाळावर ढकलला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत खराट्यापासून बादलीपर्यंत सगळं मिळणारं त्याचं दुकान, आणि रस्त्यापलीकडे माझा फोटो स्टुडिओ. वीस वर्षांत मी त्याच्याकडून एक झाडू आणि दोन मग नेले असतील.

‘रवळू, तुझ्या स्टुडिओला दार एक की रे. अकरा पायपुसणी कशाला? आहेरात पायपुसणं द्यायची पद्धत निघाली काय आता?’

दुकानातल्या दोन बायका हसल्या. मीही हसलो, कारण न हसून चाललं नसतं.

‘मागं गोडाऊनला अजून आहेत?’

‘नाहीत. डझनच मागवलेली, नमुना म्हणून. एक सकाळी गेलं.’

‘कुणी नेलं?’

‘आता गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघून विकू काय? पण माल बघ की कसला आहे. रबर बघ तळाला. दोन वर्षं तरी मरण नाही त्याला.’

त्यानं एक पायपुसणं माझ्यासमोर काउंटरवर आपटलं. मला ते बघायचं नव्हतं, तरी बघितलं. वर मऊ कापड, आणि त्यावर छापलेली वाकळ, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी. गडद निळे चौकोन, पांढऱ्या ठिपक्यांचे पिवळे तुकडे, मध्ये हिरव्या रेशमी काठाची पट्टी. उजवीकडचा खालचा कोपरा उघडा, त्यात टोचून ठेवलेली सुई आणि सुईतून लोंबणारा लाल दोरा. सुईची सावलीसुद्धा छापली होती. छपाई चांगलीच होती, खोटं कशाला बोलू?

ती वाकळ मी ओळखत होतो, कारण तिचा फोटो माझा होता. ती शिवली होती माळेवाडीच्या हौसाक्कानं, मेलेल्या मुलीच्या कपड्यांची. हौसाक्का दर रविवारी दोरा घ्यायला गडहिंग्लजच्या बाजारात यायची. त्या दिवशी गुरुवार होता.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. त्या काळात मोबाईलनं आमच्या धंद्याची पार माती केली होती. बारशाला मामा फोटो काढायचा, साखरपुड्याला आत्येभाऊ. स्टुडिओत यायचे ते फक्त पासपोर्ट फोटोवाले, तेही ‘जरा गोरं करा’ म्हणणारे. अशात मला परदेशी साइटींचा शोध लागला. आपण फोटो चढवायचा, जगात कुणाला लागला की तो पैसे भरून वापरायचा हक्क घेतो, आणि त्यातला वाटा आपल्याला मिळतो. फोटो आपलाच राहतो, विकला जातो तो वापराचा परवाना.

आणि परवाना, हक्क, करार हे शब्द दिसले की मला चेव यायचा. त्याला कारण होतं. आदल्या निवडणुकीत एका उमेदवारानं मी काढलेला जत्रेचा फोटो न विचारता फ्लेक्सवर छापला होता. मी कायद्याची कलमं छापून काढली आणि त्याच्या प्रचार कार्यालयात जाऊन टेबलावर ठेवली. त्यानं भर चौकात नारळ देऊन माफी मागितली. तेव्हापासून गाव मला कायदेपंडित म्हणायला लागलं. चेष्टेनंच म्हणायचे, पण मला ते गोड लागायचं. दुसऱ्याची वस्तू न विचारता घ्यायची नाही आणि आपली द्यायची नाही, हा माझा बाणा होता. बाणा फुकटचा असला की माणूस त्यावर जास्तच जोर देतो.

साइटवाले माझ्याहून कडक निघाले. फोटोत बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव दिसलं, नकार. माणसाचा चेहरा ओळखू येतो आणि त्याची लेखी संमती नाही, नकार. दुसऱ्याच्या हातची कलाकुसर आहे आणि मालकाची संमती नाही, तर फोटो घेणार, पण फक्त बातम्या-लेखांत वापरायला. जाहिरातीला नाही, मालावर छापायला नाही. खरा पैसा होता जाहिरातीत आणि मालात. म्हणून मी संमतिपत्रांचे इंग्रजी फॉर्म गठ्ठ्यानं छापून आणले आणि गाडीच्या डिकीत ठेवले. ‘पोलिओ डोस पाजायला निघालाय जसा,’ असं माझी बायको विजयमाला म्हणायची.

हौसाक्काला मी आधीपासून ओळखत होतो. तिची वनी, म्हणजे वनिता, बारावीला असताना परीक्षेच्या फॉर्मसाठी माझ्याकडे फोटो काढून गेली होती. दोन वेण्या, डोळे कॅमेऱ्यावर रोखलेले. फोटो न्यायला ती आलीच नाही, कावीळ पोटात जाऊन ती वारली. पंधरवड्यानं हौसाक्का आली आणि दारातच उभी राहिली. मी तो एवढासा फोटो मोठा करून, फ्रेम घालून दिला. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर ती माझ्याकडे कधी रिकाम्या हातानं आली नाही. शेंगा आणायची, नाचण्याचे पापड आणायची. ‘माझी लेक तू घरात आणून दिलीस रं,’ म्हणायची. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी जातो’ असंच बोलतात. ती म्हणायची, ‘मी रोज तिच्याशी बोलतो बघ.’

एका मे महिन्यात मी आणि विजू तिच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर माझं लक्ष दांडीवर गेलं. तिथं ती वाकळ घडी करून टाकलेली होती. हौसाक्का पंचक्रोशीतल्या लोकांच्या वाकळा शिवायची, त्यांच्या जुन्या लुगड्या-धोतरांच्या. पण असली वाकळ मी बघितली नव्हती. निळा चौकोन वनीच्या शाळेच्या स्कर्टचा होता. पिवळा ठिपक्यांचा तिच्या वाढदिवसाच्या ड्रेसचा. हिरवा काठ गॅदरिंगच्या नाचाला नेसलेल्या साडीचा.

‘हा कोपरा का उघडा ठेवलायस अक्का?’ विजूनं विचारलं.

‘घास घालायचा ऱ्हायलाय.’

विजू कोल्हापूर शहरातली, तिला हे ठाऊक नव्हतं. हौसाक्कानं तिला समजावून सांगितलं. वाकळ शिवून झाली की शेवटचा कोपरा शिवायच्या आधी त्यात भाकरीचा तुकडा घालायचा. वाकळ उपाशी ठेवायची नाही. घास घातला, कोपरा शिवला की वाकळ पुरी झाली, मग ती अंथरायची, पांघरायची, झिजवायची.

‘मग घाल की.’

‘पुरी झाली तर ती वापराया काढाय लागंल. माझं काय मन हुईना.’

मी कॅमेरा काढला. दारात ऊन छान पडलं होतं. मी वाकळ अंगणात पसरायला गेलो तर हौसाक्का आडवी आली.

‘भुईवर न्हाई टाकायची तेवढी. पाय लागत्यात.’

मग आम्ही बाज उभी करून तिच्यावर वाकळ सोडली. सुई कोपऱ्यात टोचलेलीच होती. मी एकच फोटो काढला. इतका नेमका फोटो मला आयुष्यात पुन्हा जमला नाही.

डिकीतून फॉर्म आणला. ‘अक्का, इथं अंगठा लागेल.’

ती एकदम ताठ झाली. ‘अंगठा? मी सही करतो. वनीनं शिकिवलीया मला.’

पाटीवर कोळशानं गिरवून गिरवून पोरीनं आईला नाव लिहायला शिकवलं होतं. तेवढंच लिहिता यायचं तिला, पण ते मात्र यायचं. हौसाक्का चुलीपाशी मांडी घालून बसली, पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर खोदल्यासारखं लिहिलं : हौसाबाई आपा गुरव. उकार देताना तिची जीभ दातांत आली होती.

‘काय लिवलंय रं ह्यात?’ सही झाल्यावर तिनं विचारलं.

‘काही नाही. फोटो काढायला तुझी हरकत नाही, एवढंच. लांबलांबची माणसं बघतील.’

‘वनीची वाकळ?’

‘वनीची वाकळ.’

ती खूश झाली. फॉर्मवर काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. कोणत्याही माध्यमात, कोणत्याही वस्तूवर, जगात कुठेही, कायमचं. मी ते वाचून दाखवलं नाही. असलं सगळ्याच कागदांवर असतं, ते कोण वाचून दाखवतं? साक्षीदाराच्या जागी विजूनं सही केली. मी नियमाचा पक्का, परतीच्या वाटेवर झेरॉक्स काढली आणि दुसऱ्या दिवशी एक प्रत हौसाक्काला नेऊन दिली. तिनं ती वनीच्या फोटोमागे खोचून ठेवली. लेकीनं शिकवलेली सही लेकीपाशी राहिली, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

फोटो चढवताना साइटनं विचारलं, साधा परवाना की वाढीवसुद्धा? साधा म्हणजे पुस्तकात, जाहिरातीत वापरायचा. वाढीव म्हणजे विकायच्या मालावर छापायचा. वाढीवला वाटा कितीतरी पट जास्त. मी खूण केली. माझ्या डोळ्यांसमोर कॅलेंडर होतं, चहाचे मग होते, फार तर पडदे. वर्षभरानं वाढीव परवाना एकदाच गेला. मी हौसाक्काला इरकली लुगडं नेऊन दिलं आणि बायकोला घेऊन हॉटेलात जेवलो. कुणी घेतला, कशाला घेतला, हे साइट सांगत नाही. मीही विचार केला नाही.

तर त्या गुरुवारी अकरा पायपुसणी मी स्टुडिओच्या माळ्यावर चढवली. एक उलटं करून बघितलं, मागे लेबल होतं. कारखाना पार उत्तरेकडचा, पण फोन नंबर होता. मी लावला.

पलीकडचा माणूस गोड होता. मी सांगितलं, हा फोटो माझा आहे. तो म्हणाला, ‘बहुत बढ़िया फोटो है साब, अच्छा चल रहा है.’ मी म्हणालो, ही छपाई बंद करा. तो म्हणाला, ‘क्यों? लाइसेंस है हमारे पास.’ आणि पाच मिनिटांत त्यानं मला परवान्याची प्रत मेलवर पाठवली. तारीख, क्रमांक, वाढीव परवाना, मुदत नाही. माझ्यासारखाच कायद्याचा माणूस निघाला. मी साइटवरून फोटो काढून टाकला. साइटनं लगेच कळवलं की आधी दिलेले परवाने चालू राहतील.

शुक्रवारी मी नेर्लेकर वकिलांकडे गेलो. त्यांनी संमतिपत्र दोनदा वाचलं, दिव्यासमोर धरल्यासारखं वर धरलं.

‘कागद कुणी केला?’

‘मीच.’

‘उत्तम आहे. मालकाची सही, साक्षीदार, तारीख, पत्ता. माझे अशील असले कागद आणत नाहीत हो. यात फट नाही.’

‘मला फटच पाहिजे.’

‘मग सही घ्यायच्या आधी यायचं होतं.’ त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. ‘एक विचारतो. बाईंना लिहिता-वाचता येतं?’

‘सही येते.’

‘फॉर्म इंग्रजीत. तुम्ही त्यांना मराठीत काय सांगितलंत?’

मी संमतिपत्राची घडी घालायला लागलो. वकील माणूस, त्याला तेवढ्यात उत्तर मिळालं.

‘बघा रवळनाथ, वाट एकच आहे. तुम्ही प्रतिज्ञापत्र करायचं, की मजकूर लपवून, दिशाभूल करून मी ही सही घेतली. ते कारखान्याला आणि साइटला पाठवायचं. संमतीच खोटी म्हटल्यावर कारखाना बहुतेक हात झटकेल, कटकट कुणाला पाहिजे? पण मग साइट तुमचं खातं बंद करणार. कारखाना छापलेल्या मालाची भरपाई मागणार, ती तुमच्याकडे. आणि गावात काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.’

गावात काय होईल ते मला चांगलंच माहीत होतं. कायदेपंडितानं अडाणी बाईला फसवून सही घेतली. ज्याला चौकात नारळ द्यायला लावला होता, त्यानं तर फ्लेक्सच लावला असता.

‘विचार करून सांगतो,’ मी म्हणालो.

‘सांगा. कागद तुमचाच आहे, खोटाही तुम्हीच ठरवायचा.’

घरी येऊन मी विजूला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

‘म्हणजे माझी पण सही आहे त्याच्यावर.’

‘साक्षीदार म्हणून.’

‘कशाची साक्ष होती हो ती? मी तिथं बसून शेंगा सोलत होते. तुम्ही काय वाचलं, काय नाही, मी कुठं ऐकलं?’ मग हात धुऊन ती समोर येऊन बसली. ‘अक्काला आजच्या आज जाऊन सांगा. तिला बाहेरून कळलं तर ती मोडेल.’

‘रविवारच्या आत सांगतो.’

शनिवारी मी माळेवाडीची वाट धरलीसुद्धा. अर्ध्या वाटेत गाडी थांबवली आणि टपरीवर दोन चहा प्यायलो. सगळा माल तर आपल्या माळ्यावर आहे, गेलं ते एकच, कशाला त्या माउलीला दुखवायचं, असा विचार मी केला. असला विचार आपण दुसऱ्याच्या भल्यासाठी करतोय असं माणसाला खरंच वाटतं. मी परत फिरलो.

रविवारी सकाळी स्टुडिओचं शटर वर केलं आणि समोर बघितलं. बसाण्णाच्या दुकानाबाहेर, फुटपाथवर, दोरीला चिमटे लावून पायपुसणी टांगली होती. वरपासून खालपर्यंत सगळी निळी-पिवळी आणि सुईवाली.

मी रस्ता कसा ओलांडला मला आठवत नाही.

‘बसाण्णा, हे काय?’

‘ये ये! तुझीच वाट बघत होतो.’ तो खुशीत होता. ‘अरे, तू एका फटक्यात अकरा नेलीस, तेव्हाच मी म्हटलं, रवळूला फोटोतलं कळतंय, काहीतरी आहे ह्या डिझाइनमध्ये. लगेच कोल्हापूरला फोन लावला. पाच डझन आलीत काल. दोन डझन तर बाजारातल्या फिरत्या लोकांनी उचलली. तुझ्यामुळं चालला बघ आयटम!’

मी तिथल्या स्टुलावर बसलो. त्याला सगळं सांगितलं, आता लपवण्यात काही राहिलं नव्हतं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. तो लिंगायत घरातला सरळ माणूस. त्यानं स्वतः उठून चिमटे काढले.

‘अरे, मग गुरुवारी सांगायचं की माझ्या तोंडावर! एक शब्द बोलला असतास तर मी डझनसुद्धा परत पाठवली असती. विकत घेऊन कधी कुठला माल बंद झालाय?’

एवढा व्यवहार त्याला कळत होता आणि मला कळला नव्हता. मी बाजारभर फिरलो. कांद्याच्या ढिगाशेजारी, चपलांच्या ठेल्यावर, स्टँडच्या कोपऱ्यावर ती पायपुसणी दिसत होती. हौसाक्का कुठं दिसली नाही. दोऱ्याच्या दुकानात विचारलं, तर ती आलीच नाही म्हणाले. मला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज पुढं वाटायची होती.

ती मंगळवारी आली. दुपारची वेळ, स्टुडिओत मी एकटाच. पायरीवर तिनं वहाणा काढल्या, आत आली आणि बाकावर बसली. काखेत गाठोडं होतं. शेंगांचं नव्हतं.

‘पाणी देऊ अक्का?’

‘नगं.’

थोडा वेळ ती भिंतीवरचे नवरा-नवरीचे फोटो बघत राहिली. मग बोलायला लागली, आवाज न चढवता.

‘शुक्रवारी मास्तरणीची वाकळ द्याया गेलतो. तिच्या दारात होती. आधी वाटलं, माझ्या डोळ्याला दिसतंय तसं. मग वाकून बगितलं. सुई बगितली. मास्तरीण म्हनली, या की आत, पाय पुसा. मला पाय कुटं ठेवावा कळंना. मागल्या दारानं गेलो.’

म्हणजे ते एक, गुरुवारी सकाळी विकलेलं. मी माळ्यावर अकरा लपवून बसलो होतो, आणि मी चहा पिऊन अर्ध्या वाटेतून परत फिरलो तेव्हा तिला कळून एक दिवस झाला होता.

‘अक्का, मी तुला सांगणार होतो.’

‘व्हय.’ तिनं मान हलवली. ‘कुणी चोरली का रं?’

चोरली म्हणालो असतो तर तिनं विश्वास ठेवला असता. पण मागल्या पाच दिवसांनी मला तेवढं तरी शिकवलं होतं.

‘नाही. त्यांनी पैसे भरून हक्क घेतला. मी विकला.’

‘माझ्या सहीवर?’

‘तुझ्या सहीवर.’

‘मी सही केली नसती तर?’

‘तर फोटो फक्त पेपरात, लेखात छापता आला असता. वस्तूवर छापता आला नसता.’

‘म्हंजे पायपुसणं झालं नसतं.’

‘नसतं झालं.’

तिनं उजवा हात उघडून बघितला. सुईनं टोचून टोचून बोटांची टोकं काळी पडली होती. ‘अंगठाच दिला असता तर?’

‘अंगठा दिला असता तरी झालं असतं, अक्का.’

‘न्हाई रं. अंगठाच द्यायचा असता तर मी आधी इचारलं असतं, कशाला पायजे म्हनून. अंगठा द्याया मी भितो. माझ्या चुलत्याची जिमीन गेली अंगठ्यावर. सही म्हनल्यावर मला हौस आली. वनीनं शिकिवलेली दावायची हौस.’

मी रडलो असतो तर बरं झालं असतं. मला रडू आलं नाही.

‘आता काय करता येत न्हाई?’ तिनं विचारलं. ‘बंद न्हाई व्हायचं?’

आणि इथं, वाचणाऱ्यांनो, मी खोटं बोललो. नेर्लेकर वकिलांची खोली माझ्या स्टुडिओपासून शंभर पावलांवर होती. ‘मी फसवून सही घेतली’ एवढं एक वाक्य लिहून द्यायचं होतं, आणि ते खरंच होतं.

‘नाही अक्का,’ मी म्हणालो. ‘कायद्यानं काही करता येत नाही.’

‘तू कायद्याचा मानूस. तू म्हनतोस तर नसंल.’

तिनं गाठोडं सोडलं. आत वनीची वाकळ होती. ती तिनं माझ्या टेबलावर ठेवली, फोटो कापायच्या कातरीशेजारी.

‘ही ठेव तुझ्याकडं. दांडीवर दिसली की मला मास्तरणीचं दार दिसतंय. भुईवर टाकू नको तेवढी.’

‘अक्का, ही मला नको. ही तुझी आहे.’

‘कागदावर कुटं तसं लिवलंय?’

ती उठली. मी वाकळ तिच्या हातात द्यायला उचलली, आणि माझा हात आपसूक त्या कोपऱ्याकडे गेला. कोपरा बंद होता. सुई नव्हती. लाल दोऱ्यानं बारीक टाके घालून शिवून टाकला होता.

‘घास घातलास?’

‘घातला.’ पायरीवर वहाणा चढवत ती म्हणाली. ‘भाकरी न्हाई घातली. तुजाच घातलाय.’

ती स्टँडकडे गेली. मी कोपरा चिमटीत धरला. आत चार घड्यांचा कागद होता, दाबला की वाजत होता. वनीच्या फोटोमागची ती झेरॉक्स. त्यावर हौसाक्काची सही होती आणि साक्षीदार म्हणून विजूची.

हौसाक्का पुढं सात वर्षं होती. लोकांच्या वाकळा शिवायची, बाजारात भेटली तर थांबायची, मुलं कशी आहेत विचारायची. माझ्याकडे पुन्हा काही घेऊन आली नाही. नेर्लेकर वकील कधी भेटले की विचारायचे, ‘केला का विचार?’ आणि मी म्हणायचो, ‘करतोय.’ ती गेली त्या वर्षीही बाजारात ती पायपुसणी होती, छपाई तेवढी फिकट झाली होती. त्यांच्या परवान्याला मुदत नव्हतीच.

वाकळ आमच्या कपाटात आहे, वरच्या फळीवर. दर मे महिन्यात विजू तिला ऊन दाखवते, भुईवर न टाकता, बाज उभी करून. संध्याकाळी घडी घालताना एक टोक मी धरतो, एक ती धरते. तो कोपरा कुणाच्या हातात आला की वाजतो, आणि आम्ही दोघं दुसरीकडे बघतो.